पावसाळ्यातले क्रिकेट

तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळता ना? लाकडी फळीची बॅट, रबरी चेंडू आणि भिंतीवर खडूने काढलेल्या यष्ट्या. एवढ्यावरच तुमचा सामना रंगतो. मुंबईच्या नायगावातली मुलेही असेच खेळत मोठी झाली. दादर स्टेशनच्या पूर्वेला ही कामगारांची जुनी वस्ती आहे. १९२० नंतरच्या काळात सरकारने येथे बी. डी. डी. चाळींच्या ४२ इमारती बांधल्या. एका खोलीत एक कुटुंब राही. घरात जागा नसे. म्हणून मुले चाळींमधल्या मोकळ्या जागेत खेळत.

चला, आता नायगावहून उत्तरेकडे जाऊ. खोदादाद सर्कल ओलांडले की हिंदू कॉलनी लागते. आणखी पुढे गेले की माटुंगा येते. तेथे दादर युनियन स्पोर्टिंग क्लबचे मैदान आहे. नाव दादरचे आणि मैदान माटुंग्याचे! आज आपण या क्लबच्या क्रिकेट संघाची ओळख करून घेऊ.

पूर्वी मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर अशा पाच संघांची मोठी स्पर्धा होत असे. लोक तिला पंचरंगी सामने म्हणत. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती बंद झाली. पुढे १९४८ मध्ये कांगा लीग सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी डॉक्टर आणि नामवंत क्रिकेटपटू होते. त्यांच्या स्मरणार्थ ही स्पर्धा भरू लागली. शहरातले लहानमोठे क्लब तिच्यात उतरले. दादर युनियन हा त्यांतलाच एक. दादरचाच शिवाजी पार्क जिमखाना हा त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता.

या लीगची गंमत अशी, की तिचे सामने भर पावसाळ्यात होतात! खेळपट्टी उघडीच असते. पावसाने ती भिजते, उन्हाने वाळते. मग चेंडू कधी खाली राहतो, तर कधी अचानक उसळतो. मैदानात गवत वाढलेले असते. जोराने मारलेला चेंडूही त्यात अडकतो. अशा ठिकाणी एकेक धाव मोलाची असते. फलंदाजाला चेंडूवरची नजर क्षणभरही हलवता येत नाही. जो येथे टिकला, तो कोठेही टिकेल, असे जाणकार म्हणतात.

दादर युनियनचा संघ शिस्तीसाठी प्रसिद्ध होता. खेळाडूने वेळेवर यायचे. कपडे पांढरे आणि स्वच्छ हवेत. खेळण्याबद्दल पगार नसे. कोणी विद्यार्थी होता, तर कोणी नोकरी करणारा. रविवारची सुट्टी ते मैदानाला देत. खेळाची आवड हीच त्यांची कमाई.

माधव मंत्री हे या संघातले मोठे नाव. ते यष्टिरक्षक होते. भारताकडून ते ४ कसोटी सामने खेळले. सुनील गावसकर हे त्यांचे भाचे. लहानपणी मामांच्या घरी सुनीलला भारतीय संघाचे कपडे दिसले. त्यांतले एखादे आपल्याला मिळावे, असे त्याला वाटले. पण मामांनी ते दिले नाही. असा मान मागून मिळत नाही, तो घाम गाळून मिळवावा लागतो, असे त्यांनी भाच्याला समजावले. भाच्याने ते मनावर घेतले. तोही दादर युनियनकडून खेळू लागला. पुढे १९८७ मध्ये कसोटीत १०,००० धावा करणारा तो जगातला पहिला फलंदाज ठरला.

नरेन ताम्हाणे, रामनाथ पारकर आणि दिलीप वेंगसरकर हे कसोटीपटूही याच संघाचे. वासू परांजपे कधी कसोटी खेळले नाहीत. पण त्यांनी या संघाचे नेतृत्व केले आणि पुढे अनेक तरुणांना घडवले. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्या यशाची मुळे अशा क्लबांच्या मैदानांत होती. भारताकडून खेळू लागल्यावरही गावसकर आणि वेंगसरकर क्लबसाठी मैदानात उतरत. समोरच्या संघातल्या नवख्या मुलाला कसोटीपटूला गोलंदाजी करायला मिळे. त्या मुलासाठी ती केवढी मोठी शाळा!

आता क्रिकेटमध्ये खूप पैसा आला आहे. मोठ्या खेळाडूंना क्लबसाठी सवड मिळत नाही. कांगा लीग मात्र अजून खेळली जाते. झाडाचे फळ सर्वांना दिसते, मूळ दिसत नाही. पण मुळाला पाणी मिळाले नाही, तर फळ कोठून येणार? तुमच्या गल्लीतला, शाळेतला छोटा संघ हेही असेच एक मूळ आहे. त्याच्यासाठी तुम्ही वेळेवर जाता का, याचा विचार करा.

शब्दार्थ
तुल्यबळ – सारख्या ताकदीचा
सलग – खंड न पडता
नवखा – अनुभव नसलेला
सवड – मोकळा वेळ

स्वाध्याय
१. कांगा लीगचे सामने फलंदाजाला कठीण का जातात?
२. माधव मंत्री यांनी भाच्याला काय समजावले?
३. ‘घाम गाळणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या वस्तीतल्या एखाद्या खेळाच्या संघाची माहिती मोठ्यांना विचारून पाच-सहा ओळींत लिहा.