पेटीतलं बाळ शाळेत जातं तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यासारख्या गावात बाळ फार लवकर जन्मलं की पुढे वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगितलं जातं, ‘पेटीत ठेवलं होतं, पण वाचलं.’ हा आनंद खराच आहे. पण गोष्ट तिथे संपली असं धरून चालणं पोराला महागात पडतं. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं मूल उशिरा का होईना चालतं, बोलतं, अंगणवाडीत रमतं आणि पहिली-दुसरीत अनेकदा अडखळतं. शर्टाचं बटण काजात जाता जात नाही. पेन्सिल इतकी दाबून धरतं की अक्षरं पानाच्या पाठीवर उमटतात. फळ्यावरच्या चार ओळी उतरवेपर्यंत बोटं दुखून येतात आणि तोवर फळा पुसलेला असतो. लंगडीत दुसऱ्या उडीलाच तोल जातो. अशा पोराला आपण धांदरट म्हणतो, आळशी म्हणतो, प्रसंगी मारतोही. माझं ठाम म्हणणं आहे की अशा वेळी आधी एक प्रश्न विचारावा : हे मूल कितव्या आठवड्यात जन्मलं?

कारण गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची मोठी बांधणी होते. तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणारा लहान मेंदू याच काळात झपाट्याने वाढतो. ती वाढ पोटाबाहेर, श्वासासाठी झगडताना व्हावी लागली तर त्याची खूण राहू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा अनेक वर्षं केला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा कमी असला तरी सर्वसाधारण पातळीतच होता. मात्र डोळा आणि हात यांचा मेळ, हालचालींतली सफाई, वाचन, गणित यांत ती मागे पडलेली दिसली. म्हणजे पोर ‘ढ’ नसतं, हात साथ देत नसतो. लवकर जन्मलेल्या प्रत्येकाला हे होतंच असं नाही, पण इतरांपेक्षा कितीतरी जास्त मुलांना होतं.

‘मोठं झालं की सुटेल,’ असं घरची मोठी माणसं म्हणतात. काहींचं सुटतंही. पण अनेकांची अडचण पुढेही टिकते आणि मधल्या वर्षांत मूल खेळ सोडतं, वही लपवतं, शाळेला कंटाळतं. दुसरा आक्षेप शिक्का बसण्याच्या भीतीचा. शिक्का तर ‘धांदरट’ म्हणूनही बसतोच. त्याने सवलत मिळत नाही, निदानाने मिळू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींच्या मेळाची अडचण, नाव घेऊन नोंदवली आहे. तिसरा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो : बीडला जायचं म्हणजे रोज बुडतो. आणि ऊसतोडीला गेलेल्या घराचं काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीसाठी येणं अपेक्षित आहे. त्या दिवशी पोर उसाच्या फडात असेल तर तपासणी हुकली. म्हणून पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, घरी आल्यावर आशाताईंना किंवा गुरुजींना स्वतःहून सांगावं, पुढच्या तपासणीची तारीख विचारावी.

उपायासाठी मालीश किंवा ताकदीचं औषध शोधू नये. जे जमत नाही तेच काम तुकडे करून, रोज थोडं, न रागावता करून घ्यायचं : आधी मोठं बटण, मग लहान, आधी ठिपके जोडणं, मग अक्षर. गुरुजींनी लिहायला जास्त वेळ द्यावा, उत्तर तोंडी घ्यावं. पाचव्या वर्षानंतरही अडचण राहिली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. तिथे पहिली गरज लागते ती दवाखान्यातून सुटताना मिळालेल्या कार्डाची. आठवडे आणि वजन त्यावर असतं. ते कार्ड आधार कार्डासोबत जपून ठेवा आणि शाळेत नाव घालायला जाल तेव्हा गुरुजींना दाखवा.