लिलावाची शेवटची घटका

लिलाव म्हणजे काय, हे तुम्हांस सांगावयास नको. बाजार समितीच्या आवारात मालाचे ढीग लागलेले असतात, भोवती व्यापारी उभे असतात, आणि मधोमध अडत्या मोठ्याने बोली पुकारीत असतो. "एक वार, दोन वार..." असे म्हणून तो क्षणभर थांबतो, चहूकडे नजर फिरवितो, आणि कोणीच पुढे आले नाही की "तीन वार" म्हणून सौदा पुरा करितो. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेतून मराठीत आला. आज तो इतका आपला झाला आहे, की त्याचे परदेशी कूळ कोणास आठवतही नाही.

ह्या लिलावात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तो केव्हा संपणार, हे घड्याळ ठरवीत नाही. कोणी बोली वाढविली, की अडत्याला पुन्हा "एक वार" पासून आरंभ करावा लागतो. जोवर एकास दुसऱ्यावर चढ करावयाची इच्छा आहे, तोवर "तीन वार" हे शब्द उच्चारले जात नाहीत. पण लिलावाची वेळच आधी ठरवून टाकली, तर काय होईल?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये असे लिलाव होत असत. मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवावयाचा, आणि तो विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची ठरेल त्याला वस्तू द्यावयाची, अशी ती रीत होती. इंग्लंडच्या आरमारखात्यातील एक अधिकारी सॅम्युएल पीप्स ह्याने आपल्या रोजनिशीत ह्या लिलावांची हकीकत लिहून ठेविली आहे. १६६० साली त्याने अशा रीतीने जहाजे विकली जाताना प्रथम पाहिली. पुढे १६६२ च्या सप्टेंबरात तो पुन्हा अशा एका लिलावास हजर होता. आरंभी बोली बोलावयास कोणी तयार नसे, आणि ज्योत विझू लागली की सगळे एकदम ओरडू लागत. कोणाचा आवाज शेवटचा, हे ठरविणे कठीण होऊन बसे. त्या गर्दीत एक गृहस्थ मात्र दरवेळी नेमक्या क्षणी बोली बोलून माल घेऊन जाई. पीप्सने त्याला ह्याचे रहस्य विचारले. तो म्हणाला, की ज्योत विझण्याच्या अगदी आधी मेणबत्तीचा धूर खाली वळतो. तो वळलेला दिसला की मी बोलतो. इतरांचे लक्ष ज्योतीकडे असे, ह्याचे धुराकडे!

आता तीनशेहून अधिक वर्षे ओलांडून पुढे येऊ या. १९९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिएर ओमिद्यार नावाच्या एका तरुण संगणकतज्ज्ञाने इंटरनेटवर लिलावाचे एक स्थळ उघडले. पुढे तेच 'ईबे' ह्या नावाने जगप्रसिद्ध झाले. तेथे प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे लेझर किरण टाकणारी एक मोडकी दर्शनी होती, आणि तिला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. "ती मोडकी आहे, हे आपणांस ठाऊक आहे ना?" असे ओमिद्यारने विचारता, आपण मोडक्या दर्शन्यांचाच संग्रह करतो, असे उत्तर आले म्हणे. आपल्याकडेही २००० साली मुंबईत 'बाझी' नावाचे असे स्थळ निघाले होते. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले, आणि २०१८ मध्ये ईबेचा तो भारतातील व्यवहार बंद झाला.

इंटरनेटवरील ह्या लिलावास अडत्या नसतो. ग्राहक आपापल्या घरी, निरनिराळ्या देशांत असतात. कोणी जागा असतो, तर कोणी गाढ झोपेत. म्हणून लिलाव काही ठराविक दिवस, बहुधा आठवडाभर, चालतो, आणि ठरल्या सेकंदास बंद होतो. वस्तूच्या चित्राशेजारी उरलेला वेळ सारखा घटत असतो. प्रथम दिवस, मग तास, मग मिनिटे, आणि शेवटी एकेक सेकंद. चालते ते कंपनीच्या संगणकाचे घड्याळ. आपल्या भिंतीवरील घड्याळास तेथे कोणी विचारीत नाही.

ग्राहकाने सारखे डोळ्यांत तेल घालून बसू नये म्हणून एक सोय केलेली असते. आपण जास्तीत जास्त किती देऊ, तो आकडा संगणकास गुपचूप सांगून ठेवावयाचा. मग संगणकच आपला मुनीम बनतो, आणि प्रतिस्पर्ध्यावर चढ करण्यापुरतीच आपली बोली वाढवीत जातो. हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

एका जुन्या टपाल तिकिटाचा लिलाव चालू आहे. आरंभीची किंमत १०० रुपये, आणि प्रत्येक चढ १० रुपयांची. एका हौशी तरुणाने २५० रुपयांचा आकडा सांगून ठेविला. दुसरा कोणी नसल्यामुळे किंमत १०० रुपयेच दिसते. इतक्यात तिकिटांची उत्तम पारख असलेला एक संग्राहक येतो. तिकिटाची योग्य किंमत ४०० रुपये आहे, हे तो जाणतो. त्याने हा आकडा दोन दिवस आधीच सांगितला, तर संगणक लगेच किंमत २६० दाखवील, आणि तरुणास कळेल की आपण मागे पडलो. तो चिडून ३०० म्हणेल. किंमत ३१० होईल. मग ३५०, मग ३९०, आणि शेवटी ४२०. तेव्हा संग्राहकाचा आकडा मागे पडेल, आणि तिकीट ४१० रुपयांस तरुणाकडे जाईल. २५० च्या वर एक पैसाही देणार नाही, असे ज्याने ठरविले होते, तो ईर्ष्येने ४१० देऊन बसेल!

पण संग्राहक काही इतका भोळा नसतो. तो गप्प राहतो, आणि चार-पाच सेकंद उरले असता आपला ४०० चा आकडा टाकतो. किंमत २६० होते, आणि त्याच क्षणी लिलाव बंद पडतो. तरुणास पुन्हा बोलावयास अवधीच उरत नाही. २६० रुपयांत तिकीट संग्राहकाचे झाले.

हा अन्याय झाला काय? पुष्कळांना तसे वाटते. परंतु तरुणाने पहिल्याच दिवशी, घाई नसताना, शांत मनाने विचार करून ४२० हा आकडा सांगितला असता, तर शेवटच्या सेकंदाचा डाव त्याला मुळीच हरवू शकला नसता. शेवटच्या क्षणाचा फटका बसतो तो थोडेथोडे करून चढणाऱ्यास. खरा तोटा झाला असेल, तर तो बिचाऱ्या विक्रेत्याचा.

संग्राहकाच्या मौनास आणखीही एक कारण असते. जाणकार माणूस एखाद्या वस्तूवर बोली लावतो आहे, एवढे कळले तरी इतरांस ती वस्तू मौल्यवान असल्याचा सुगावा लागतो. आपले ज्ञान फुकट वाटले जाऊ नये, म्हणून तो अखेरपर्यंत दडून राहतो. अर्थात ह्यात धोकाही आहे. संदेश वाटेत एखादा सेकंद रेंगाळला, की बोली पोहोचेपर्यंत दार बंद! हल्ली हे काम नेमके साधून देणाऱ्या आज्ञावल्याही मिळतात. पण तारांतील विलंबास त्या तरी काय करणार?

अल्विन रॉथ आणि आक्सेल ऑकेनफेल्स ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास करून २००२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी अॅमेझॉन ही कंपनीसुद्धा लिलाव चालवीत असे. तिचा नियम निराळा होता. ठरलेली वेळ झाली, तरी शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटे कोणीच बोलले नाही, तरच लिलाव संपे. दोन्ही ठिकाणच्या संगणकांच्या आणि जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या विक्रीची त्यांनी तुलना केली. ईबेवर अखेरच्या क्षणी येणाऱ्या बोली अॅमेझॉनपेक्षा कितीतरी अधिक होत्या. आणि ईबेवर त्यांचे प्रमाण दुर्मिळ वस्तूंत, म्हणजे जेथे पारख लागते तेथे, विशेष दिसले. म्हणजे माणसे तशीच, वस्तूही तशाच. नियम बदलला आणि वागणूक बदलली.

अॅमेझॉनचा तो नियम वस्तुतः आपल्या अडत्याचाच. नवी बोली आली, की पुन्हा "एक वार"! कर्जापोटी ताब्यात घेतलेली घरे व जमिनी बँका आज इंटरनेटवरून लिलावाने विकतात; त्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचून पाहा. शेवटच्या काही मिनिटांत बोली आल्यास मुदत पाच मिनिटे वाढेल, अशा अर्थाची अट त्यांत पुष्कळदा आढळते. कर्ज फेडू न शकलेल्या माणसाच्या दृष्टीने ती पाच मिनिटे फार मोलाची असतात, कारण घरास जितकी किंमत अधिक, तितके त्याच्या डोक्यावरील ऋण कमी.

२०१० साली भारत सरकारने मोबाइल दूरध्वनीसाठी लागणाऱ्या लहरींचा लिलाव इंटरनेटवरून केला. तेथे तर शेवटचा सेकंद असा काही ठेविलाच नव्हता. फेरीमागून फेरी होई, आणि मुकाट्याने वाट पाहत बसणाऱ्या कंपनीचा पुढे बोली बोलण्याचा हक्क घटत जाई. ९ एप्रिलला सुरू झालेला तो लिलाव १८३ फेऱ्या होऊन चौतिसाव्या दिवशी, १९ मे रोजी थांबला. मधल्या सुट्ट्या त्या दिवसांत धरलेल्या नाहीत.