सार्वजनिक सेवेची भरपाई : मदत की मोबदला?

एखाद्या आडगावाला दिवसातून चार वेळा बस जाते. त्यांपैकी दोन फेऱ्यांना गाडी निम्मी रिकामी असते. केवळ नफा पाहणारा मालक या दोन फेऱ्या उद्याच बंद करील. परंतु शाळेला जाणारी मुले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे आणि पहाटेच्या पाळीचे कामगार यांना नेमका त्याच फेऱ्यांचा आधार असतो. म्हणून सरकार गाडीवाल्याला सांगते की, फेऱ्या चालू ठेव, तिकीट वाढवू नकोस, तुझी तूट आम्ही भरून देऊ. आता हा जो पैसा सरकार देते तो काय समजायचा? ती मदत आहे, की सांगितलेल्या कामाचा मोबदला? प्रश्न साधा दिसतो, पण युरोपातील न्यायालयांनी 1985 ते 2003 या काळात त्यावर उलटसुलट निकाल दिले आहेत.

प्रस्तुत लेखात आम्ही युरोपीय संघातील या नियमांचा परिचय करून देत आहोत. भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात सरकारी साहाय्यावर अशा प्रकारचे नियंत्रण नाही. त्यामुळे हा विषय मुळातून शिकायचा तर तिकडेच पाहावे लागते. कायदा, अर्थशास्त्र किंवा लोकप्रशासन शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग होईलच. पण ज्या सभासदांचा अनुदान, वसतिगृह, शाळा यांच्या हिशेबाशी नेहमी संबंध येतो, त्यांनीही हा लेख वाचावा अशी विनंती आहे.

1957 च्या रोम कराराने युरोपातील देशांनी सामाईक बाजारपेठ उभी करण्याचे ठरवले. एका देशाने आपल्या तिजोरीतून निवडक उद्योगांना पैसा ओतला तर दुसऱ्या देशातील उद्योग बुडेल, ही भीती तेव्हापासूनची आहे. म्हणून ज्या सरकारी साहाय्याने स्पर्धा बिघडते व देशादेशांतील व्यापारावर परिणाम होतो, ते करारात निषिद्ध ठरवले गेले. आज हे कलम 107 या क्रमांकाने ओळखले जाते. नवे साहाय्य द्यायचे असेल तर आधी ब्रुसेल्स येथील युरोपीय आयोगाला कळवावे लागते आणि त्याची संमती मिळेपर्यंत एक पैसाही देता येत नाही. नियम मोडून दिलेले साहाय्य व्याजासह परत घेतले जाते, आणि दहा वर्षांपर्यंत ही टांगती तलवार राहते. मात्र त्याच करारात आणखी एक कलम आहे. सर्वसाधारण आर्थिक हिताची सेवा ज्यांच्यावर सोपवली आहे, त्यांच्या कामात स्पर्धेच्या नियमांनी अडथळा येत असेल तर तेवढ्यापुरते नियम बाजूला ठेवता येतात. हे आजचे कलम 106, पोटकलम 2 होय. सगळा वाद या दोन कलमांच्या मधल्या जागेत आहे.

1985 साली न्यायालयाने वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांच्या प्रकरणात म्हटले की, सोपवलेल्या कामाची भरपाई म्हणजे साहाय्य नव्हे. 1997 आणि 2000 साली खालच्या न्यायालयाने फ्रान्सचे टपाल खाते व पोर्तुगालची सरकारी दूरचित्रवाणी यांच्या प्रकरणांत उलट मत दिले. पैसा सरकारचा आहे, तेव्हा ते साहाय्यच. फार तर क्षम्य साहाय्य म्हणा, असा तो विचार. 2001 साली औषधांचा साठा सतत ठेवण्याचे बंधन असलेल्या फ्रेंच घाऊक विक्रेत्यांबाबत वरच्या न्यायालयाने पुन्हा पहिला मार्ग धरला. नगरपालिकांनी काय करावे हे कोणालाच कळेना.

ही कोंडी एका बसच्या खटल्याने फुटली. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत, आजच्या साक्सन-अनहाल्ट राज्यात, स्टेंडाल नावाचा जिल्हा आहे. तेथे आल्टमार्क ट्रान्स या कंपनीकडे 1990 पासून बसचे परवाने होते. 1994 साली नव्याने परवाने देताना तिलाच पसंती मिळाली आणि दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज नाकारला गेला. ती दुसरी कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे की, आल्टमार्क ट्रान्स सरकारी पैशावाचून उभीच राहू शकत नाही, मग तिला परवाना कसा? प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 24 जुलै 2003 रोजी निकाल लागला. चार अटी पूर्ण झाल्या तर भरपाई ही साहाय्य ठरत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पहिली अट : सेवा देणाऱ्यावर खरोखरच बंधन असले पाहिजे आणि ते स्पष्ट शब्दांत लिहिलेले असले पाहिजे. दुसरी अट अशी की, भरपाई कशी मोजायची हे सेवा सुरू होण्यापूर्वीच उघडपणे ठरवलेले असावे. वर्ष संपल्यावर तोटा दाखवायचा आणि मग सरकारने तो भरायचा, हे चालणार नाही. तिसरी अट मोजमापाची. खर्च वजा उत्पन्न, अधिक वाजवी नफा, याहून भरपाई जास्त नसावी. चौथी अट सर्वांत अवघड आहे. निविदा काढून सर्वांत कमी खर्चात सेवा देणाराची निवड करावी. तसे केले नसेल तर एखाद्या नीट चालवलेल्या, पुरेशी साधने असलेल्या नमुनेदार संस्थेला जेवढा खर्च आला असता त्यावरून भरपाई ठरवावी.

विद्यार्थ्यांसाठी हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका बस कंपनीला ठरलेल्या फेऱ्यांसाठी वर्षाला 40 लाख युरो खर्च येतो आणि तिकिटांतून 25 लाख मिळतात. वाजवी नफा 1 लाख धरला तर तिसऱ्या अटीप्रमाणे भरपाई 16 लाखांपर्यंत देता येईल. सरकारने 20 लाख दिले तर 4 लाख फाजील झाले. आता समजा, नीट चालवलेली कंपनी तेच काम 36 लाखांत करते. मग चौथ्या अटीचा आकडा 12 लाख येतो. 16 लाख घेणारी कंपनी तिसऱ्या अटीत पास झाली, पण चौथ्या अटीत नापास झाली. तिचा पैसा साहाय्यात मोडेल.

येथे आम्हाला एक शंका मांडावीशी वाटते. नीट चालवलेली कंपनी कोणती? जी चालकांना कमी पगार देते, तिचा खर्च कागदावर कमीच दिसणार. मग कामगारांच्या पोटाला चिमटा काढणे हीच कार्यक्षमता ठरायची काय? यावर तिकडे काही उपाय आहे. रेल्वे व रस्ता वाहतुकीसाठी 2007 साली केलेल्या 1370 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे सेवा सोपवणारी संस्था कामगारांच्या हिताच्या व सेवेच्या दर्जाच्या अटी करारातच घालू शकते. परंतु ‘शकते’ हा शब्द लक्षात ठेवावा. ज्या पालिकेने त्या अटी लिहिल्या नाहीत, तेथे स्वस्त तो जिंकणार.

चौथ्या अटीत नापास झाले म्हणजे सारे बुडाले असे मात्र नाही. कलम 106 चा दुसरा दरवाजा उघडा राहतो. त्यासाठी आयोगाने 2005 साली आणि नंतर डिसेंबर 2011 मध्ये सविस्तर नियम केले. 2011 च्या निर्णयानुसार वर्षाला 1 कोटी 50 लाख युरोपर्यंतची भरपाई आधी न कळवता देण्याची मुभा ठेवली गेली. रुग्णालये, बालसंगोपन, वृद्धांची देखभाल, दुर्बल घटकांसाठी घरे अशा सेवांना तर रकमेची मर्यादाच घातली नाही. शिवाय या निर्णयात कार्यक्षमतेची परीक्षा नाही. मात्र सोपवणुकीचे लेखी पत्र हवेच. काम कोणते, किती मुदतीचे, कोणत्या क्षेत्रात, भरपाई कशी मोजणार, जास्त गेलेला पैसा परत कसा घेणार, हे सगळे त्यात यावे लागते. संस्था इतर धंदेही करीत असेल तर या सेवेचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. निदान दर तीन वर्षांनी तपासणी होते. फाजील रक्कम वार्षिक सरासरी भरपाईच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर ती पुढील काळात वळती करता येते, नाही तर परत करावी लागते. अगदी लहान रकमांसाठी वेगळी सवलत आहे. 1 जानेवारी 2024 पासून ती तीन वर्षांत साडेसात लाख युरो झाली. पूर्वी पाच लाख होती. हे आकडे मधूनमधून बदलतात, तेव्हा परीक्षेपूर्वी विद्यार्थ्यांनी ताजी अधिकृत प्रत पाहावी.

कामाच्या आधी नियम, आणि दिल्या-घेतल्याची चोख नोंद, हा विचार बौद्धांना परका नाही. विनयपिटकातील महावग्गात भिक्खुसंघाची चीवरे स्वीकारणारा, सांभाळणारा, वाटणारा, तसेच भांडारावरचा अधिकारी कसा निवडावा ते सांगितले आहे. छंद, दोस, मोह आणि भय, म्हणजे आवड, राग, अज्ञान व भीती, या चार कारणांनी तो वाकड्या वाटेला जाणारा नसावा. आणि काय घेतले, काय घेतले नाही, हे त्याला माहीत असावे. संघाच्या मालकीची वस्तू हातात असणाऱ्या माणसाची ती पात्रता होती. आमच्या मते, लक्झेंबर्गच्या चार अटी पहिल्या दोषावर, म्हणजे आपल्या माणसाला झुकते माप देण्यावर, औषध म्हणून आल्या आहेत.

औषध योग्य तऱ्हेने दिले तर काय होते, हे ब्रुसेल्सच्या रुग्णालयांत दिसले. तेथे आयरिस या जाळ्यातील पाच सार्वजनिक रुग्णालयांची तूट शासन भरून देत असे. खासगी रुग्णालयांच्या संघटनेने तक्रार केली की, उपचार आम्हीही करतो, मग पैसा त्यांनाच का? आयोगाने 2009 साली भरपाई मान्य केली. 2012 साली न्यायालयाने ती मान्यता रद्द केली, कारण या पाच रुग्णालयांवर खासगी रुग्णालयांहून वेगळे बंधन कोणते, हे पुरेसे तपासले गेले नव्हते. पुन्हा चौकशी झाली. ज्याच्याजवळ पैसे नाहीत अशाही रुग्णाला कोणत्याही परिस्थितीत परत पाठवायचे नाही, शहराच्या निरनिराळ्या भागांत सेवा चालू ठेवायची आणि रुग्णांच्या सामाजिक अडचणींकडे पाहायचे, हे जादा बंधन त्यांच्यावर असल्याचे मान्य झाले आणि 2016 साली भरपाई योग्य ठरली. गरीब रुग्णाचा हक्क शेवटी एका लेखी कलमावर उभा राहिला. केवळ ‘आम्ही लोकसेवा करतो’ एवढ्यावर भागले नसते.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय विषय अर्धा राहील. नेदरलँड्समध्ये गृहनिर्माण संस्था सरकारी पाठबळावर भाड्याची घरे देतात. तेथे अनेक थरांतील माणसे शेजारी शेजारी राहत. आयोगाने विचारले की, सार्वजनिक सेवा म्हणता, मग ती नक्की कोणासाठी? 2009 साली तडजोड झाली. 90 टक्के घरे वर्षाला 33,000 युरोपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांनाच द्यायची असे ठरले. पैसा गरजूला जावा, हे बरोबरच. पण ज्याचे उत्पन्न त्या रेषेच्या थोडेसे वर, त्याला ना हे घर मिळे, ना बाजारातले परवडे. शिवाय गरिबांची वस्ती वेगळी पडण्याचा धोका वाढला, असे टीकाकारांचे म्हणणे होते. त्या संस्था वर्षानुवर्षे न्यायालयात लढल्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास ज्यांनी भोगला आहे, त्यांना या टीकेतले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. गरजूंची व्याख्या फार सैल ठेवली तर पैसा भलत्याच्या खिशात जातो. फार आवळली तर गरिबाला घर मिळते, पण शेजार मिळत नाही. सीमा कोठे आखायची हे न्यायालय सांगत नाही. ते काम निवडून आलेल्या लोकांचे.

ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर त्याने 2022 साली स्वतःचा कायदा केला व तो 4 जानेवारी 2023 पासून लागू आहे. नावे बदलली, पण स्पष्ट सोपवणूक आणि खर्चापुरतीच भरपाई हा गाभा तेथेही ठेवला आहे. शिकायला तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो अभ्यासावा लागेल.

अभ्यासवर्गासाठी एक काम सुचवतो. महाराष्ट्रात एस.टी.मध्ये 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे आहे आणि सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देते. या सवलतीचा शासन निर्णय मिळवावा. बंधन कोणत्या शब्दांत लिहिले आहे, रक्कम कशी मोजायची ते आधी ठरले आहे काय, जास्त किंवा कमी गेल्यास पुढे काय, एवढे तीन प्रश्न घेऊन तो ओळीने वाचावा आणि उत्तर ज्या परिच्छेदात सापडेल त्याचा क्रमांक वहीत लिहावा. जेथे उत्तर नाही तेथे जागा कोरी सोडावी. दुसऱ्या बैठकीत हेच तीन प्रश्न एखाद्या वसतिगृहाच्या अनुदानपत्राला विचारून दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात.