लपवलेला रिपोर्ट

चि. निखिल,

तुझा कंपनीच्या तपासणीचा रिपोर्ट मी पाहिला. आईवर रागावू नकोस. इस्त्रीचे कपडे ठेवताना तिला तो कपाटात सापडला. तिने फोटो पाठवून एवढंच विचारलं, "भाऊजी, यात जाड अक्षरात काय लिहिलंय?"

बीपी १५०/९६, एलडीएल १७८. वय ३४. पण आकड्यांपेक्षा मला भीती वाटली ती वरच्या तारखेची. दोन महिने तू हे कुणाला सांगितलं नाहीस. गौरीला जेवायला आलास, माझ्यासमोर हसलास, आणि बोलला नाहीस.

तू म्हणशील, मला काही त्रास नाही. अरे, धमनी कडक होत असते तेव्हा त्रास होतच नाही. आपल्या विहिरीवरचा रबरी पाईप आठव. नवा होता तेव्हा मोटार सुरू झाली की जरा फुगायचा, धक्का जिरवायचा. उन्हात वाळून ताठ झाल्यावर तोच धक्का सांध्यांवर बसू लागला. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचं तेच. ती ताठ झाली की प्रत्येक ठोका मेंदूतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांवर आदळतो. आणि धमन्यांचं बिघडणं म्हातारपणीच सुरू होतं असं नाही. कोरियाच्या युद्धात पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं उघडून पाहिली, तो अहवाल १९५३ साली छापून आला. सरासरी वय २२, आणि सुमारे ७७ टक्के जणांच्या धमन्यांत रोगाच्या खुणा. आपल्याकडच्या माणसांना तर पहिला झटकाच इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो.

तीस वर्षं वर्गात हृदयाची आकृती काढली मी. घरातलं हृदय मला कळलं नाही.

तुला माहीत नाही ते आज लिहितो. तुझे बाबा, माझा दादा, गेला त्याच्या सहा महिने आधी त्यालाही बीपी निघालं होतं. मला म्हणाला, "हिला सांगू नकोस, उगाच काळजी करत बसेल." मी नाही सांगितलं. वर त्याची तंबाखूची पुडी मीच आणून द्यायचो. त्या रात्री तो पडवीत बसून सारखा जबडा चोळत होता. दाढ असेल म्हणालो, लवंग दिली. मग घाम फुटला, तर पित्त म्हणून ओवा दिला. जीप मिळेपर्यंत पहाटेचे चार वाजले. दादा ४४ वर्षांचा होता. तुझ्या आईला हे सहा महिन्यांचं अजून ठाऊक नाही, आणि ते ओझं घेऊन मी दर भेटीत तिच्या हातचा चहा पितो.

म्हणून तुझं गुपित मी ठेवणार नाही, निखिल. एकदा ठेवलंय.

डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग, की वडील ४४ व्या वर्षी गेले. बाप किंवा भाऊ ५५ च्या आत हृदयाने आजारी पडला असेल तर ते तुझ्याबद्दल वेगळा विचार करतील. लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी एकदा करून घे, ते घराण्यातून येतं. घरी आठवडाभर बीपी मोज, पाच मिनिटं शांत बसून. शिफ्टनंतरच्या त्या सिगारेटी बंद, यावर मला काही ऐकायचं नाही. आणि काकाने लिहावं असं नाही, तरी लिहितो: नवरा-बायकोच्या संबंधात काही अडचण येत असेल तर तीही सांग. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, त्यामुळे बिघाड कधी कधी छातीत दुखायच्या दोन-तीन वर्षं आधी तिथे दिसतो. लाजू नकोस.

फार बोललो. तू लहान असताना तापात माझं बोट धरून झोपायचास, सोडवलं की जागा व्हायचास. कालपासून तेच डोळ्यांपुढे आहे.

जाड अक्षरांचं मी आईला अजून सांगितलेलं नाही. तू सांग. शनिवारी पहाटेच्या एसटीने मी येतो. तुझं सांगून झालं की माझंही तिला सांगायचं आहे. तू जवळ असलास तर मला धीर येईल. मग दवाखान्यात दोघं जाऊ. तुला आत माझी सोबत नको असेल तर मी बाहेर बाकावर बसेन. येताना शेंगा आणतो, भाजून, बिनमिठाच्या.

तुझा,
काका