शिंजीर : निसर्गपाठासाठी टिपण

सह्याद्रीच्या अरण्यांत किरमिजी पाठीचा, जेमतेम ८ सेंटिमीटर लांबीचा शिंजीर असतो. पश्चिम घाटाबाहेर तो आढळत नाही. वर्गात शिंजिरास पुष्कळदा ‘हमिंगबर्ड’ म्हटले जाते, ते योग्य नव्हे. हमिंगबर्ड केवळ अमेरिकेत असतात व हवेत स्थिर राहून मधुरस घेतात. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून.

शिक्षकबंधुभगिनींनी मुलांस बांडगुळाच्या फुलोऱ्याजवळ शांत उभे करावे. मधुरस घेताना शिंजिराच्या कपाळास पराग चिकटतात व पुढील फुलास पोहोचतात. कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजिराचा वाटा किती, यावर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३१ साली लेख लिहिला. बांडगूळ आंब्यास शोषते, मग हा पक्षी शत्रू की मित्र, असे एखादा शेतकऱ्याचा मुलगा विचारील. उत्तराची घाई करू नये. पिलांस शिंजीर कीटक व कोळी भरवितात, हेही त्यास पाहू द्यावे.