भोकं विकणारी कंपनी

(मावशी निवृत्त भूवैज्ञानिक, राहणार नागपूर. भाचा टोरंटोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, सुट्टीवर आलेला. मोबाइलवर एका कंपनीचं पत्रक उघडलेलं.)

भाचा : मावशी, ऑफिसमधला एकजण या कंपनीचे शेअर घे म्हणून मागे लागलाय. उत्तर ओंटारिओत तांबं आणि जस्त शोधतात म्हणे. पण यांची खाण कुठे आहे, तेच मला सापडत नाहीये.

मावशी : नसलेली खाण कशी सापडेल? या कंपनीकडे खाण नाही, कारखाना नाही, उत्पन्नही नाही. जमिनीच्या एका तुकड्यावर शोध घेण्याचा हक्क, दोन-चार भूवैज्ञानिक आणि भाड्याचं ड्रिलिंग मशीन, एवढाच संसार. धंद्यात अशा कंपनीला ‘ज्युनिअर’ म्हणतात. तिचा माल एकच. जमिनीत पाडलेली भोकं, आणि त्या भोकांतून हाती आलेली माहिती.

भाचा : मग पगार कशातून देतात?

मावशी : नवे शेअर विकून. शंभर शेअरपैकी दहा तुझे असले आणि कंपनीने आणखी शंभर छापले, तर तुझा दहावा हिस्सा विसावा होतो. दर ड्रिलिंगच्या हंगामाआधी हे होणारच. शिवाय नव्या गुंतवणूकदाराला गोडी लागावी म्हणून ‘वॉरंट’ देतात, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे आणखी शेअर घेण्याचा हक्क. कॅनडात एक सोय आणखी आहे. ‘फ्लो-थ्रू’ शेअर घेतला, तर कंपनीने शोधावर केलेला खर्च गुंतवणूकदाराला स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. त्यामुळे तिथे असल्या कंपन्या टिकतात. टोरंटोचा मोठा बाजार सोडून त्यांच्यासाठी वेगळा व्हेंचर एक्स्चेंजच आहे.

भाचा : पण मोठ्या कंपन्या स्वतः का शोधत नाहीत?

मावशी : शोधतात, पण बहुतेक जागी काहीच मिळत नाही, आणि भाव पडले की मोठ्यांची पहिली कात्री शोधाच्या खर्चावरच चालते. हा जुगार ज्युनिअरने खेळावा, काही सापडलं तर आपण ती अख्खी विकत घ्यावी, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे पाणाड्या जागा दाखवतो, बोअर कोरडी गेली तर पैसे शेतकऱ्याचे जातात. इथे तो शेतकरी म्हणजे तू.

भाचा : पण पत्रकात विमानातून सर्वेक्षण केल्याचं लिहिलंय. जमिनीखाली ‘प्रबळ वाहक पट्टा’ दिसलाय.

मावशी : हे नीट समजून घे. तिथला खडक अब्जावधी वर्षांचा, पण वर हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, दलदल आणि जंगल. खडक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विमानाला किंवा हेलिकॉप्टरला तारेचं वेटोळं बांधून जमिनीत विद्युत-चुंबकीय लहरी सोडतात. तांबं, जस्त, निकेल यांची खनिजं गंधकाशी बांधलेली असतात, आणि या सल्फाइडांचा गठ्ठा बहुधा वीज चांगली वाहतो. तो जिथे असेल तिथून लहरींचं उत्तर येतं. शुद्ध जस्ताचं खनिज मात्र वीज फारशी वाहत नाही, ते सोबतच्या सल्फाइडांच्या आधाराने सापडतं. आणि ग्रॅफाइटही वीज वाहतो. ज्यात एक पैशाचं तांबं नाही असा लोखंडाचा सल्फाइडही वाहतो. वाहक पट्टा दिसला, याचा अर्थ भोक पाडायला एक जागा मिळाली, एवढाच.

उत्तर ओंटारिओतल्या टिमिन्सजवळच्या किड क्रीकचंच घे. टेक्सास गल्फ सल्फर या बड्या कंपनीच्या हवाई सर्वेक्षणाने १९५९ मध्ये तिथली खूण टिपली. पहिलं भोक पडलं नोव्हेंबर १९६३ मध्ये, आणि त्यात तांबं-जस्ताचा प्रचंड साठा लागला. कंपनीने तोंडाला कुलूप लावलं, आजूबाजूची जमीन पदरात पाडली आणि मगच, एप्रिल १९६४ मध्ये, जाहीर केलं. मधल्या काळात आतल्या काही माणसांनी शेअर घेऊन ठेवले होते. त्यावरून झालेला खटला अमेरिकेत आजही शिकवतात. ती खाण पुढे जवळजवळ तीन किलोमीटर खोल गेली.

भाचा : माझ्या कंपनीने भोकंही पाडलीत. ऐक. ‘२० मीटरमध्ये ०.९ टक्के तांबं, त्यात १.५ मीटरमध्ये ११ टक्के.’ अकरा टक्के म्हणजे भारीच ना?

मावशी : कॅल्क्युलेटर काढ. दीड गुणिले अकरा?

भाचा : साडेसोळा.

मावशी : आणि वीस गुणिले शून्य पूर्णांक नऊ?

भाचा : अठरा.

मावशी : म्हणजे उरलेल्या साडेअठरा मीटरच्या वाट्याला दीड आलं. भाग दे.

भाचा : शून्य पूर्णांक शून्य आठ टक्के! म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

मावशी : दीड मीटरची एक पातळ शीर, आणि तिच्या जिवावर वीस मीटरचा आकडा. यात खोटं काहीच नाही, प्रत्येक आकडा खरा आहे. आता दुसरा प्रश्न. भोक शिरेला आडवं गेलं की तिच्या कडेने खाली उतरत गेलं? कडेने गेलं तर एक मीटरची शीरसुद्धा दहा मीटर दिसते. म्हणून ‘खरी जाडी’ असा शब्द पत्रकात शोध. नसेल, तर प्रश्न विचार. तिसरं, खोली. पृष्ठभागाजवळ एक टक्का तांब्याला, म्हणजे टनामागे दहा किलोला, मोल असतं. तेच आठशे मीटर खाली असेल, तर काढायचा खर्चच त्याला गिळतो.

भाचा : आकडा खोटाच नसेल, याची खात्री काय?

मावशी : भोकातून खडकाची कांडी निघते, तिला कोअर म्हणतात. ती खोक्यांत क्रमाने मांडायची, उभी कापायची, अर्धी प्रयोगशाळेत आणि अर्धी राखून ठेवायची, उद्या कोणी शंका घेतली तर पुन्हा तपासता यावी म्हणून. नमुन्यांमध्ये गुपचूप कोरा दगड आणि ठाऊक प्रतीचा नमुनाही घालतात, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने सोन्याच्या बाबतीत नेमकी इथेच लबाडी केली. इंडोनेशियातल्या नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं होतं. १९९७ मध्ये सगळं उघडं पडलं, आणि २००१ पासून कॅनडात ४३-१०१ नावाचा नियम आला. आता पत्रकातल्या तांत्रिक मजकुरामागे नाव सांगून जबाबदारी घेणारा पात्र तज्ज्ञ लागतो. सर्वांत खालच्या पायरीचा, आडाख्यातला साठा आणि काढण्याजोगा सिद्ध साठा, यांत घोळ घालता येत नाही.

भाचा : म्हणजे आता फसवणूक बंद?

मावशी : खोटं बोलणं अवघड झालं. गप्प बसणं अजून सोपंच आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात किड क्रीकच्या बातमीने टिमिन्सला वेड लागलं होतं. तिथे विंडफॉल नावाच्या छोट्या कंपनीने जुलैच्या सुरुवातीला एक भोक सुरू केलं आणि मध्येच थांबवलं. काय लागलं, ते सांगितलंच नाही. बाजाराने त्या मौनाचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. साठ सेंटच्या आसपासचा शेअर पाच डॉलरच्या वर गेला. महिनाअखेर निकाल आला की कामाचं काहीच नाही, आणि शेअर रात्रीतून कोसळला.

कंपनीमागे व्हायोला मॅकमिलन आणि त्यांचे पती होते. बाई साध्या नव्हत्या. शोधकर्त्यांच्या संघटनेच्या वीसेक वर्षं अध्यक्ष होत्या. सरकारी चौकशी बसली आणि ओंटारिओचे शेअरबाजाराचे नियम बदलले. विंडफॉलच्या फसवणुकीच्या आरोपातून त्या सुटल्या, मात्र दुसऱ्याच एका शेअरमधल्या बनावट उलाढालीबद्दल काही आठवडे तुरुंगात राहून आल्या. पुढे माफी मिळाली आणि १९९३ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडाही. मला त्या बाईंचा राग येतो आणि कौतुकही वाटतं. या धंद्यातली माणसं अशीच असतात.

भाचा : खरोखर घबाड लागलेली छोटी कंपनी एखादी तरी सांग.

मावशी : डायमंड फील्ड्स रिसोर्सेस. हिऱ्यांच्या मागे होती. तिने दोन शोधकर्त्यांना लॅब्राडोरच्या ओसाड किनाऱ्यावर पाठवलं, चिस्लेट आणि व्हर्बिस्की. सप्टेंबर १९९३ मध्ये व्हॉयझीज बेजवळ हेलिकॉप्टरमधून त्यांना एक गंजलेली टेकडी दिसली. सल्फाइड हवा-पाण्यात गंजून वर तांबूस टोपी धरतात, तिला गॉसन म्हणतात. हिरे नव्हतेच. १९९४ मध्ये ड्रिलिंग झालं, तेव्हा निघालं निकेल, तांबं आणि कोबाल्ट, तेही वरच्या वर. १९९६ मध्ये निकेलमधल्या बड्या इन्को कंपनीने ती ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतली.

भाचा : आणि लगेच खाण सुरू?

मावशी : लगेच? तिथे इन्नू आणि इन्युइट लोकांची जमीन. त्यांच्याशी करार करायचे होते, पर्यावरणाची छाननी होती, आणि कच्चा माल बाहेर न नेता धातू आमच्याच प्रांतात काढा, असा प्रांतिक सरकारचा आग्रह होता. वर निकेलचा भावही पडलेला. उत्पादन सुरू झालं २००५ मध्ये. टेकडी दिसल्यापासून बारा वर्षं. डायमंड फील्ड्सचे भागधारक तोवर पैसे घेऊन कधीच घरी गेले होते, आणि वर्षभरातच इन्कोसुद्धा ब्राझीलच्या व्हालेच्या ताब्यात गेली.

भाचा : म्हणजे ज्युनिअरचा शेअर घेणारा खाणीची वाट बघतच नाही.

मावशी : तो पुढच्या भोकाची वाट बघतो. तुझ्या कंपनीच्या खात्यात रोकड किती आहे, पुढच्या हंगामाला पुरेल का, आणि संचालकांनी स्वतःच्या खिशातून किती शेअर घेतलेत, एवढं आधी काढ. मला विचारशील तर या पत्रकावर मी एक सेंटही लावणार नाही. दीड मीटर म्हणजे दीड मीटर.

भाचा : अशा कंपन्या आपल्याकडे का नाहीत? इथे तर चंद्रपूरच्या थानेवासनात तांबं आहे म्हणतात.

मावशी : आहे. शेजारी बालाघाटात मलांजखंडची तांब्याची खाणच चालते. पण आपल्याकडे शोधाचं काम मुख्यत्वे सरकारी, म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि इथली नागपूरचीच एमईसीएल ही खनिज-शोध कंपनी. २०१५ मध्ये खाणपट्टे लिलावाने द्यायचं ठरलं, मग ज्याने शोधलं त्यालाच खाण मिळेल याची हमी उरली नाही. खाण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तांबं, शिसं, जस्त, निकेल धरून २९ खोलवरच्या खनिजांसाठी खाजगी शोध-परवाना आणला. त्यात शोधणाऱ्याला पुढच्या लिलावाच्या रकमेतला हिस्सा मिळतो, पण खाण लिलावात जिंकणाऱ्याची. व्हॉयझीज बेची टेकडी शोधणाऱ्यांना ही अट घातली असती, तर त्यांनी हेलिकॉप्टर भाड्याने घेतलं असतं असं मला वाटत नाही. हा कायदा आणखी एकदा दुरुस्त करावा लागणार.