मूल मागे पडते आहे का? थांबावे की दाखवावे?

भाताचा तरवा पिवळा पडू लागला, तर शेतकरी कापणीपर्यंत वाट पाहत नाही. तो रोप उपटून मुळे बघतो, जाणत्याला विचारतो. मुलाच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, "राहू दे, याचा बापही उशिराच बोलला." काही मुले खरोखरच आपोआप बोलू लागतात. पण आपले मूल त्यांतले आहे की नाही, हे घरी बसून ओळखता येत नाही. म्हणून डॉक्टरांना दाखवावे.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर थांबू नये :

१) ३ महिने उलटले तरी मूल माणसाकडे पाहून हसत नाही.
२) ५ महिन्यांनंतरही मान धरत नाही.
३) १० महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
४) वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही.
५) दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, बोट करून काही दाखवत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही.
६) २ वर्षांनंतरही "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही.
७) येत असलेले बोलणे किंवा चालणे हरवले. हे कोणत्याही वयात घडले, तरी ताबडतोब दाखवावे.

या मर्यादा उगाच ठरवलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालके पाहून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत जवळजवळ सर्व मुले दीड वर्षाच्या आत चालू लागली होती.

मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर तेवढे दिवस वयातून वजा करावेत. असा हिशेब २ वर्षांपर्यंत करतात.

घरात कोकणी आणि बाहेर मराठी, म्हणून बोलणे लांबले असे समजू नये. दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजावेत. भांडे पडल्यावर मूल दचकते, म्हणजे कान ठीक आहेत असेही नाही. मोठा आवाज कळतो, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. त्यामुळे उशिरा बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्यावेत.

कोठे जावे? अंगणवाडीताईंना सांगावे. पेडणे-डिचोलीच्या पालकांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन पुढची चिठ्ठी मागावी. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे बालरोगतज्ज्ञ असतात. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जाताना जन्माचे कागद आणि लसीकरणाचे कार्ड न्यावे. मूल काय करते व काय करत नाही, हे आठवडाभर वहीत टिपून ती वहीही न्यावी.

तपासणीत मुलाशी खेळतात, आईला प्रश्न विचारतात. भिण्यासारखे त्यात काही नाही. "लोक काय म्हणतील," ही धास्ती अनेकांना अडवते. पण तपासणी म्हणजे मुलावर मारलेला शिक्का नव्हे. सर्व ठीक निघाले, तर घोर मिटतो. काही आढळले, तर पहिल्या वर्षांत, मेंदू झपाट्याने वाढत असतानाच, व्यायाम आणि बोलण्याचे शिक्षण सुरू करता येते. लावणीच्या दिवसांत एक खाडा पडला, तर तो भरून काढता येतो. मुलाची गेलेली वर्षे परत आणता येत नाहीत.